पाण्याच्या बंबाचा पहिला जाळ

महोदय,

दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या बाजारात पाणी तापवण्याचे नवे बंब मांडलेले दिसू लागतात. हल्ली त्यांत तांब्याच्या जुन्या घाटाच्या बंबांपेक्षा पोलादी पत्र्याचे, गच्चीवरच्या टाकीला नळाने जोडायचे बंबच अधिक असतात. विजेचे बिल आणि सिलिंडर यांचा खर्च वाचावा म्हणून घरगुती गिऱ्हाइकांप्रमाणेच कोकणातले निवास-न्याहारीवालेही ते घेतात, आणि लाकूड, करवंट्या, सोडणे घरचीच असतील तर हा हिशेब चुकीचाही नाही. मात्र या बंबांची जोडणी व पहिला जाळ यांबाबत जी बेफिकिरी दिसते, ती आयटीआयमध्ये अनेक वर्षे नळजोडणी शिकवलेल्या माझ्यासारख्याला स्वस्थ बसू देत नाही.

जुन्या बंबात कळशीने पाणी ओतायचे आणि तोंडावर नुसते झाकण ठेवायचे. पाणी उकळले तर झाकण थडथडे, वाफ निघून जाई. त्याला वेगळ्या सुरक्षा-यंत्रणेची गरज नव्हती, कारण ते भांडे मुळात बंद नव्हतेच. नव्या बंबाला थंड पाणी टाकीतून खालच्या बाजूने येते आणि गरम पाणी वरून नळाने न्हाणीघरात जाते. अशा बंबाच्या माथ्यावरून निघून टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान फूटभर उंच जाणारी, वाटेत कुठेही व्हॉल्व्ह नसलेली मोकळी नळी, जिला प्लंबर एअर व्हेंट म्हणतात, ती नसेल तर नळ बंद केल्यावर तो बंब बंद भांडे होऊ शकतो. त्यात थंड पाण्याच्या वाटेवर एकदिशा व्हॉल्व्ह बसवलेला असला, तर प्रसरण पावणाऱ्या पाण्याला मागे सरकायलाही जागा उरत नाही.

गेल्या वर्षी एका नातलगाकडे मी हे प्रत्यक्ष पाहिले. व्हेंट पुरेशी उंच नेलेली नसल्यामुळे तिच्यातून गच्चीवर पाणी सांडत होते, म्हणून जोडणाऱ्याने नळी वाढवण्याऐवजी तिच्यावर चक्क बॉल व्हॉल्व्ह बसवून तो बंद केला होता. पहिल्याच दिवशी उत्साहाने बंब तोंडापर्यंत लाकडांनी भरला गेला आणि अर्ध्या तासात तो धडधडू लागला. सुदैवाने न्हाणीघरात कोणीतरी नळ उघडा ठेवला होता व त्यातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसू लागली. आम्ही मुलांना दूर पाठवून निखारे फावड्याने अंगणात ओढले. तो नळ बंद असता तर काय झाले असते, हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही.

विजेच्या गीझरमध्ये तापमान वाढल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट असतो आणि दाब सोडणारा व्हॉल्व्हही असतो. पेटलेल्या लाकडाला बटण नसते. थंड पाणी उकळीपर्यंत तापताना सुमारे ४ टक्के फुगते. बंद भांड्यात दाब वाढत जातो तसा उत्कलनबिंदूही चढतो, आणि हवेच्या दाबाहून १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका जास्त दाब झाला की पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊनच उकळते. अशा वेळी पत्रा फाटला तर त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि १ लिटर पाण्याची वाफ १६०० लिटरांहून अधिक जागा मागते. बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून १०० अंशांखाली पाणी तापवणारी भांडी वगळलेली आहेत, ते योग्यच आहे. पण व्हेंट बंद केलेला बंब ती मर्यादा केव्हा ओलांडतो हे पाहायला कोणी निरीक्षक येत नाही.

म्हणून पहिला जाळ दिवसाउजेडी, जोडणाऱ्याच्या समक्षच व्हावा. आदल्या दिवशी बंब पाण्याने भरून गरम पाण्याचे सर्व नळ हवा निघून अखंड धार येईपर्यंत उघडे ठेवावेत आणि रात्रभर सांधे गळतात का ते पाहावे. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी हवी, कारण पावसाळ्यात कुंभारमाशी मातीचे घर बांधून अशी नळी बेमालूम बुजवते. बंबाजवळचे पहिले काही फूट नळ धातूचेच असावेत, साधा पीव्हीसी तिथे मऊ पडतो. मग धुराड्याची झडप उघडून कागदाचा बोळा पेटवावा. धूर वर न जाता खोलीत आला तर पुढे जाऊच नये. मूठ-दोन मूठ सुक्या बंबफोडीचा लहानसा जाळ पहिल्या दिवशी पुरे, म्हणजे आत विटांचे अस्तर असलेच तर ते तडकत नाही. नव्या रंगाचा वास मात्र येणारच, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या असाव्यात. पहिले पाणी अंघोळीला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये, त्यात डागकामाचा मळ आणि तेल असते.

बंब बंद न्हाणीघरात ठेवण्याची टूम तर धोकादायकच आहे, कारण अर्धवट जळालेल्या लाकडाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पूर्वीच्या घरांत बंब परसात असे, त्यामागे धुराइतकाच हाही फायदा होता. भारनियमनाने पंप बंद पडून टाकी रिकामी झाली असेल तर जाळ करू नये. कोरडा बंब तापलाच, तर त्यात थंड पाणी सोडण्याचा मोह टाळून निखारे बाहेर काढावेत व तो आपोआप निवू द्यावा. तांब्याच्या बंबाला आतून कल्हई असेल तर तिचे कथील २३२ अंशांनाच वितळते, हे जुन्या तांबटांना सांगावे लागत नसे.

विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच की प्रत्येक बंबाबरोबर व्हेंटची आकृती असलेला मराठी सूचनांचा कागद द्यावा आणि पहिला जाळ आपल्या माणसाकडून करून दाखवल्याची नोंद पावतीवर करावी. नवा बंब घेतलेल्यांनी ही चाचणी नरक चतुर्दशीच्या पहाटेवर न ठेवता आठवडाभर आधी उरकून घ्यावी, कारण त्या पहाटे घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि प्लंबर फोन उचलत नाही.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, जि. रत्नागिरी