केसपेपरवर फवाऱ्याला रकाना नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोजच्या वापरातील रसायने आणि कर्करोग यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला पानभर लेख मी काल दुपारी वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, त्याबद्दल लेखकमहाशयांचे अभिनंदन करायला हवे आणि ते मी करते. ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा टाकून द्यावा, प्लॅस्टिकच्या डब्यात गरम भाजी भरू नये, नेलपॉलिश लावताना खिडकी उघडी ठेवावी, हे सर्व पटण्यासारखे आहे. आमच्या गावात नॉनस्टिक तवा माझ्या माहितीप्रमाणे एकाच घरात आहे आणि तो आहेरात आलेला असल्यामुळे अजून खोक्यातच आहे, तेव्हा तेवढ्यापुरते आम्ही निर्धास्त झालो. मात्र पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरणाऱ्या माणसासाठी त्या पानभर मजकुरात एक ओळही नाही. विदर्भाचे नाव येते ते फक्त खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाच्या, चौकटीत.

खर्ऱ्याची बाजू घेण्याचे मला काहीच कारण नाही. अंगणवाडीच्या भिंतीआड पन्नीत खर्रा घोटत बसणाऱ्या पोरांना मी रोज हाकलते, आणि तंबाखू व सुपारी या दोन्हींमुळे कर्करोग होतो याबद्दल आता वाद उरलेला नाही. परंतु तो एक प्रश्न विचारून झाला की विदर्भातल्या माणसाची चौकशी संपली, असे समजण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा अनुभव आमच्या घराने घेतला आहे.

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. मानेवर आलेली गाठ तालुक्याला आधी टीबीची ठरली आणि नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिचे खरे नाव कळले. तिथे केसपेपर भरणारे डॉक्टर तरुण होते, वागायलाही चांगले होते. त्यांनी विचारले, "खर्रा?" नाही. "बिडी, दारू?" नाही, भासरे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनातले, चहासुद्धा बेताने पिणारे. "घरात कोणाला कॅन्सर?" नाही. व्यवसायापुढे त्यांनी 'शेती' असे लिहिले आणि पान उलटले. तेव्हा भासरे स्वतःहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी जनमभर फवारे मारले जी, आपल्याही वावरात अन् दुसऱ्याच्याही." त्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ते तर सगळेच मारतात, काका." भासरे गेले त्याला आता काही वर्षे झाली, पण ते उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. सगळेच मारतात म्हणूनच तर विचारायला हवे होते. इथे खर्राही बहुतेक सगळेच खातात, म्हणून त्याबद्दल विचारणे कोणी सोडून दिलेले नाही.

भासऱ्यांच्या तरुणपणी बीएचसी पावडर फडक्यात बांधून हातानेच पिकावर झटकली जाई आणि उरलेली ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यांत घातली जाई. त्या पावडरीतला कीड मारणारा घटक म्हणजे लिंडेन. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ मध्ये बंदी आली. पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि त्या वेळी ज्या रोगाचे नाव घेतले तो नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे भासऱ्यांच्या फाइलीवर लिहिलेला तोच रोग. त्यांचे दुखणे त्या पावडरीनेच झाले असे मी म्हणत नाही; एकट्या माणसाच्या बाबतीत तसे सिद्ध करता येत नाही, एवढे मलाही कळते. पण ज्याच्या फाइलीत ती पावडर लिहिलीच गेली नाही, तो माणूस उद्याच्या कोणत्या संशोधनात मोजला जाणार आहे?

लेखात २०१५ च्याच एका दुसऱ्या अभ्यासाचा उल्लेख आहे. निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी नेहमीच्या संपर्कातली ८५ रसायने विचारात घेतली आणि त्यांपैकी ५० रसायने अल्प मात्रेतही कर्करोगाशी निगडित शारीरिक प्रक्रियांवर परिणाम करतात असे त्यांना आढळले. एकेकटी निरुपद्रवी वाटणारी रसायने एकत्र आल्यावर काय करतात हे तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. लेखकमहाशयांनी हे मिश्रण शाम्पू आणि अत्तरात शोधले. आमच्याकडे ते धुऱ्यावर, ड्रममध्ये, काठीने ढवळून तयार होते. कृषी केंद्राचा मालक सांगेल त्याप्रमाणे अळीचे, तुडतुड्याचे, बुरशीचे आणि वरून पातेगळ थांबवणारे टॉनिक एकाच टाकीत ओतले जाते, कारण वेगवेगळे फवारायला मजुरी परवडत नाही. त्यासाठी पाणी वाहून आणणारी बाईच असते, आणि संध्याकाळी ते ओले कपडे धुणारीही बाईच, बहुधा लेकरांच्या कपड्यांसोबत त्याच बादलीत. हंगाम संपला की तीच पऱ्हाटी उपटून घरी येते आणि चुलीत जाते.

डब्यावरचा रंग पाहून घ्या, असे आम्हाला सांगितले जाते. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग ते विष किती मात्रेत लगेच जीव घेते त्यावरून ठरतात. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर घेतल्याने काय होईल, ते त्यांवरून कळत नाही. डासांच्या धुरळणीतले मॅलॅथिऑन आणि तणनाशकातले ग्लायफोसेट ही दोन्ही २०१५ मध्ये त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या 'बहुधा कर्करोगकारक' या गटात गेली. ग्लायफोसेटबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत वेगळे आहे, हेही नमूद करते. ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांमार्फतच वापरावे, असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला. चोरबीटीच्या, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बेकायदा कपाशीच्या, वावरांतून फिरणारे आमचे परवानाधारक अजून आम्हाला दिसायचे आहेत.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ पासून फवारणी करणारे पन्नास हजारांवर लोक, आणि त्यांच्या बायकाही, नोंदवून कोणी कोणते औषध किती वापरले हे विचारण्यात आले. आपल्या शासनालाही नोंदींचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. बालकाचे वजन, उंची, आहार हे सर्व मी मोबाइलमध्ये भरते, नेटवर्क नसेल तर गावाबाहेर जाऊन भरते. नागपूरला आणि वर्ध्याला कर्करोगाची नोंदणी होते, पण तिथली माहिती शेवटी रुग्णालयाच्या कागदांवरूनच उचलली जाणार, आणि त्या कागदांवर 'शेती' एवढेच लिहिलेले असणार. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आपण पहिल्या पानावर बातम्या दिल्या. त्याच दिवसांत जे मळमळून, डोळे चुरचुरून घरी पडून राहिले आणि बरे झाले, त्यांची पुढे कोणी विचारपूस केल्याचे मला तरी दिसले नाही.

जाता जाता आणखी एक. ज्या कागदावर हा लेख छापला, त्याच्याच मागच्या बाजूला तणनाशकाची अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात आहे. तीत अर्ध्या बाहीच्या सदऱ्यातला शेतकरी, हातात मोजे नसताना, पंप घेऊन हसत उभा आहे. आपल्या शुक्रवारच्या कृषी पानावर आठवड्याच्या फवारणीचा सल्लाही असतो, आणि आमच्या घरी तो कापून ठेवला जातो. त्या सल्ल्यात औषधाच्या मात्रेशेजारी त्याचा कर्करोगाच्या यादीतला गटही छापावा, ही विनंती. जागा अपुरी पडत असेल तर त्या हसणाऱ्या शेतकऱ्याला थोडे बाजूला सरकवता येईल.

पत्र लांबले आहे. कापून छापणार असाल तर खर्ऱ्याचा परिच्छेद कापावा, केसपेपरचा ठेवावा. नाव छापू नये.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ