सांधेरोपणाची तारीख मिळते, तयारी मात्र कोणी सांगत नाही

सन्माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकात सोलापूर शहरातील गुडघेदुखी तपासणी शिबिरांच्या बातम्या सातत्याने वाचायला मिळत आहेत. किती जणांची तपासणी झाली आणि किती जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला गेला, याचे आकडे त्यांत असतात. शस्त्रक्रिया झालेली माणसे तीन महिन्यांनंतर कशी चालत आहेत, हे मात्र माझ्या वाचनात कधी आले नाही. माझे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, डावा चार वर्षांपूर्वी आणि उजवा गेल्या वर्षी. या दोन अनुभवांत इतके अंतर पडले की त्याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. शरीर तेच, झीज तीच, बसवलेला सांधाही जवळपास त्याच प्रकारचा होता. फरक पडला तो शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांमुळे आणि नंतरच्या सहा आठवड्यांमुळे.

आपल्याकडे सर्रास ‘वाटी बदलली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोके काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि दोहोंच्या मध्ये घट्ट प्लास्टिकची चकती ठेवतात. समोरची वाटी पुष्कळदा आपलीच राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या सांध्याला हलवणारे स्नायूही आपलेच राहतात. वर्षानुवर्षे दुखण्यामुळे पाय जपून टाकल्याने मांडीचा पुढचा स्नायू आधीच सुकलेला असतो. शल्यचिकित्सक सांधा नवा देऊ शकतात, स्नायू नवा देऊ शकत नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट मला पहिल्या वेळी कोणी सांगितली नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी तारीख ठरली, पैशांची जुळवाजुळव झाली आणि मी दाखल झाले, इतकीच आमची तयारी होती. मला मधुमेह आहे. वाढलेली साखर दाखल झाल्यावर इन्सुलिन देऊन खाली आणली गेली. शस्त्रक्रिया ठीक झाली, पण जखम भरायला वेळ लागला. घरी सोडताना इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड हातात पडले, त्यावर गोळ्यांची नावे होती आणि शेवटच्या ओळीत फिजिओथेरपी करावी एवढाच शेरा होता. ती कोणी, कुठे, दिवसातून किती वेळा करायची, हे विचारायचे मलाही सुचले नाही, कारण दुखणे कमी झाले की पाय आपोआप मोकळा होईल अशीच माझी समजूत होती.

घरी आल्यावर सुनेने मायेने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. त्या उशीने फार आराम वाटायचा. भेटायला येणारी माणसेही ‘आता हलायचं नाही, पूर्ण आराम करायचा’ असे बजावून जात. तीन आठवडे मी तशीच पडून राहिले. गुडघा अशा अर्धवट वाकलेल्या स्थितीत राहिला की त्यामागच्या लवणीतले स्नायुबंध आखडत जातात आणि पाय पुरता सरळ होण्याचे विसरतो, हे मला सहाव्या आठवड्यात कळले, तेव्हा गुडघा पुरता सरळही होत नव्हता आणि काटकोनापर्यंतही वाकत नव्हता. अखेर पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागला. इतके करूनही डावा पाय आजतागायत किंचित वाकलेलाच आहे आणि दिवसभर उभे राहिले की कंबर भरून येते. माझ्या सुनेला आजही त्या उशीची खंत वाटते. पण दोष तिचा नव्हता, तिला सांगणारे कोणी नव्हते.

उजव्या गुडघ्याच्या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तारीख देण्याआधी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी (एचबीए१सी) पाहिली. ती नऊ टक्क्यांच्या वर होती. साडेसातच्या आत आणल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा मला रागच आला होता. त्यांनी तोंड उघडायला लावून दात पाहिले आणि कित्येक वर्षे किडलेली दाढ काढून यायला सांगितले; पायाच्या टाचांच्या भेगा पाहिल्या, लघवीची तपासणी केली, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत आणि त्या कधी थांबवायच्या हे लिहून दिले. गुडघ्याचा आणि दाढेचा संबंध काय, असे मी त्यांना विचारले. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग दबून असेल तर रक्तावाटे तो नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो आणि धातूवर एकदा जंतूंचे थर बसले की केवळ औषधांनी ते सहसा जात नाहीत, प्रसंगी सांधा काढावा लागतो, असे त्यांनी समजावून सांगितले. तंबाखू खाणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्याला ते किमान महिनाभर आधी सोडायला लावतात, कारण तंबाखूमुळे जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या ज्येष्ठ स्त्रिया कितीतरी आहेत, आणि मिश्रीही तंबाखूच आहे हे त्यांच्यापैकी अनेकींच्या ध्यानीमनी नसते.

त्या तीन महिन्यांत फिजिओथेरपिस्टने मला जे व्यायाम शिकवले, ते कोणत्याही घरात विनाखर्च होण्यासारखे आहेत. पलंगावर पाय पसरून बसायचे, सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी करून ती टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली मुळीच नाही, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबत दहा आकडे मोजायचे. मी शिक्षिका असल्याने आकड्यांऐवजी पाढा म्हणत असे. नातीसोबत पाचाचा पाढा म्हणून झाला की पाय सैल सोडायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. सरळ पाय उचलून धरणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठणे हे त्याबरोबरचे. शेवटच्याचे महत्त्व वॉकर हातात आल्यावर कळते, कारण पहिले काही दिवस अंगाचा बराचसा भार दंडांनीच पेलायचा असतो. वॉकर धरून चालण्याचा सराव मी शस्त्रक्रियेच्या आधीच घरात केला होता, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला उभे केले तेव्हा पाय घाबरले नाहीत.

घराची तयारी हा आपल्या शहरात वेगळाच विषय आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी घरभर बादल्या, पिंपे आणि पाइप पसरलेले असतात आणि मोरीतली शहाबादी फरशी दिवसभर ओली राहते. नव्या सांध्याच्या माणसाने घसरून पडण्यासारखे दुसरे संकट नाही. म्हणून पाणी येण्याच्या दिवशी घरी न परतता त्याच्या दुसऱ्या दिवशी परतायचे, असे आम्ही ठरवले होते. मोरीत खरखरीत रबरी पट्टी टाकली, भिंतीला धरायला नळी बसवून घेतली, भारतीय पद्धतीच्या शौचकुपावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली, चालण्याच्या वाटेवरची सतरंजी उचलली आणि ताटे-डबे कंबरेच्या उंचीवर घेतले. या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत, आधी सुचावे मात्र लागते.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत वेदना होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घ्यायची, म्हणजे पाय वाकवणे सुसह्य होते. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ म्हणून अनेक जण त्या टाळतात आणि मग व्यायामही टाळतात. ही भीती अगदीच निराधार नाही, विशेषतः मधुमेह्यांच्या बाबतीत. म्हणून कोणती गोळी आपल्याला चालते हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, मनाने बंद करू नये. गुडघा गरम लागतो म्हणून तेल लावून शेकण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगाची नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. सूज आणि ऊब काही महिने राहते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते आणि चालताना कधी कधी टक् असा आवाज येतो, यांनी घाबरण्याचे कारण नाही. पथ्याच्या नावाखाली डाळी, उसळी आणि अंडी बंद करून रुग्णाला पेज-भातावर ठेवले जाते, तेही चुकीचे आहे, कारण जखम भरायला आणि स्नायू भरायला प्रथिनेच लागतात.

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, तर विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा. पोटरी दुखून ताठर झाली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, तर गल्लीतल्या दवाखान्यात गोळ्या घेत बसू नये, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच दाखवावे.

खुब्याच्या सांध्याचे नियम गुडघ्याहून वेगळे आहेत, आणि ते न कळल्याची किंमत माझ्या थोरल्या भावाने मोजली. पडून खुब्याचे हाड मोडल्यावर त्यांचा सांधा बदलण्यात आला. अशा शस्त्रक्रियेत मागच्या बाजूने छेद घेतला असेल तर पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो, पाऊल आत वळवायचे नसते आणि कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवायची असते. दादांना यातले काहीही नीट समजावलेले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटते म्हणून ते देवघरासमोर पाटावर बसले आणि उठताना खुबा निखळला. ते ओरडले नाहीत, फक्त ‘पाय गेला’ एवढेच म्हणाले. तो सांधा पुन्हा भूल देऊन बसवावा लागला.

माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी २००० आणि २००१ साली मुंबईत शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून या उपचाराची सामान्य घरांत पहिल्यांदा एवढी चर्चा झाली. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरला जाणारा सांधा, ज्यासाठी दीड लाखाच्या आसपास मोजावे लागत, तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. सांध्याचे आयुष्यही मोठे आहे. जुन्या नोंदींवर आधारलेल्या २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात शंभरपैकी सुमारे ब्याऐंशी गुडघे पंचवीस वर्षे टिकल्याचे आढळले आहे. इतक्या टिकाऊ वस्तूवर कुटुंबे आयुष्यभराची शिल्लक खर्च करतात आणि ती वापरायला शिकवणारे पुढचे सहा आठवडे रुग्णालयांच्या पॅकेजमध्ये बहुधा धरलेलेच नसतात, याचे मला अतिशय वाईट वाटते.

म्हणून माझी शहरातील अस्थिरोग तज्ज्ञांना आणि रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे की तारीख देतानाच रुग्णाला आणि घरी जो सांभाळणार आहे त्याला एकत्र बसवून तासभर माहिती द्यावी, आणि ती मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूत छापलेल्या कागदावर सोबत द्यावी. शहराच्या पूर्व भागात आयुष्यभर सुपात तेंदूची पाने घेऊन विड्या वळलेल्या आणि मागावर उभ्या राहिलेल्या माणसांना इंग्रजी कार्डाचा काय उपयोग? महापालिकेने आपल्या नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट उपलब्ध करावेत, कारण घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा रोजचा खर्च हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही. शिबिर भरवणाऱ्या संस्थांनीही शस्त्रक्रियेचा आकडा जाहीर करताना त्यांतल्या किती जणांचा गुडघा तीन महिन्यांनी पुरता सरळ होतो, हे मोजून सांगावे.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. वरील सर्व सूचना डॉक्टरांकडून तपासून घेऊन दोन पानांत मराठीत लिहिल्या आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या तेलुगूत उतरवून दिल्या. त्याच्या आईची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. गेल्या रविवारी मी कमोडची खुर्ची पोहोचवायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या कॉटवर पाय पसरून, टाचेखाली चादरीची गुंडाळी घेऊन, मांडी आवळत तेलुगूत आकडे मोजत होत्या. दहा झाल्यावर त्यांनी मला बसायची खूण केली आणि दुसरा पाय गुंडाळीवर घेतला.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर