अर्जाचं उत्तर

पर्वरी, ३ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "खुनाच्या कैद्याला कसली गं सुट्टी?" आणि मी "कोर्टात आहे, नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहितेय.

बुधवारी ज्याच्यासाठी उभी राहिले, त्याचा गुन्हा मोठाच आहे. जन्मठेप झालीय, ती तो भोगतोय, आणि ती कमी करा असं सांगायला आम्ही गेलोच नव्हतो. त्याने जानेवारीत फर्लोसाठी, म्हणजे तुरुंगातून थोड्या दिवसांच्या सुट्टीसाठी, अर्ज केला होता. पॅरोलला कारण लागतं, घरातलं आजारपण, मयत असं काही. फर्लोला लागत नाही. वर्षानुवर्षं आत असलेल्या माणसाचं घराशी नातं तुटू नये म्हणूनच ती असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय. ती हक्क म्हणून मागता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे सरकारला 'नाही' म्हणायची मुभा आहे. पण म्हणावं तर लागेल ना!

अर्ज पोलीस अहवालासाठी गेला आणि तिकडेच राहिला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. नकार आला असता तर त्यात कारण असतं, त्या कारणावर आम्ही भांडलो असतो. न आलेल्या उत्तराशी कसं भांडणार? शेवटी राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका टाकली. मागणी एवढीच, की अर्जावर निर्णय द्या. दहा मिनिटंही सुनावणी चालली नाही. दोन आठवड्यांत निर्णय द्या, नाकारायचा तर कारणं लिहून कळवा, असा आदेश झाला. एवढ्यासाठी माणसाला हायकोर्टात यावं लागतं, याचा मला फार राग येतो. कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, पण तसा मिळतो हे आत बसलेल्याला कुणी सांगायला तर हवं.

आई, जामीनदाराच्या कागदांसाठी मी त्याच्या घरी गेले होते. त्याची आई तुझ्याच वयाची. स्वयंपाकघराच्या छपरावरचे कौलारू नळे सरकलेत, वर निळी ताडपत्री घालून कडेने दगड ठेवलेत. चुलीच्या बाजूला एक रिकामं पातेलं जमिनीवर मांडलेलं दिसलं. मी उचलून बाजूला करायला गेले तर म्हणाली, "राहू दे गो, गेल्या पावसात तिथंच गळायचं." मुलाने यायचंय ते नळे परतायला. मिरगाच्या आत.

निर्णय काय येतो ते अजून कळायचंय. 'हो' आला तरी हाताशी दिवस थोडेच असतील, म्हणून एक काम सांगते. बाबा, आपले नळे परतायला येतात त्यांना विचाराल का, जुने नळे कुठे मिळतील? तिच्याकडचे निम्मे फुटलेत. मी रविवारी येतेच आहे.

तुमची,
बाय