बाबा, या वेळी खरं तेच लिहू

मुलुंड, मुंबई
12 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुलुंडहून परळला पत्र कशाला, असं आई, तुला वाटेल. पण फोनवर दादाकडे जर्मनीला जायच्या व्हिसाचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. तीनदा झालं असं. बाबा, तुम्ही जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यात. लिहिलेलं काहीही तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, म्हणून लिहिते आहे.

आधी माफी मागते. मागच्या वर्षी व्हिसा नाकारला गेला तो माझ्यामुळे. त्या एजंटने सांगितलं, "मुलगा तिकडे आहे हे दाखवू नका, नाहीतर म्हातारी माणसं तिकडेच राहतील असं त्यांना वाटतं. फिरायला जातोय म्हणून अर्ज करा." मी ऐकलं. जिथे आपण पाऊलही टाकणार नव्हतो अशा हॉटेलांची बुकिंग जोडली. आणि अर्जाच्या दहा दिवस आधी तुमच्या खात्यात चार लाख रुपये भरले. तुमच्या पासबुकात काय असतं? पेन्शन जमा, लाइट बिल, औषधं, वाण्याचे पैसे. महिन्यामागून महिने त्याच ओळी. त्यांच्याखाली एकदम चार लाख. कोणीही थबकेल.

तुम्ही विचारलं होतंत, "हॉटेल कशाला? आपण तर त्याच्याच घरी उतरणार ना?" मी म्हटलं, "तशी पद्धत असते बाबा, सही करा." तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून सही केलीत. पैसे गेल्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. माणशी 90 युरो फी, ती नकार आला तरी परत मिळत नाही. पण तुमच्या सहीखाली खोटं गेलं, ते मला वर्षभर टोचतं आहे.

तो कागद आला ती संध्याकाळ मी विसरले नाही. तुम्ही गॅलरीत खुर्ची ओढून बसलात, चष्मा पुसलात आणि इंग्रजी ओळीचं मराठी करून मोठ्याने वाचलंत, "मुदतीआधी परत जाण्याच्या आपल्या हेतूबद्दल वाजवी शंका आहे." मग एवढंच म्हणालात, "मी कुठे पळून जाणार होतो?" आईने ठेवलेला चहा तसाच निवला, वर साय धरली. रात्री तुम्ही जेवला नाहीत.

बाबा, तो छापील कागद आहे. सगळ्यांना तोच मिळतो. कारणं आधीच छापलेली असतात, लागू असेल त्या चौकोनात खूण करतात. खूण करणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नव्हतं. त्याच्यासमोर होते ते फक्त मी लावलेले कागद. तुमच्या चारित्र्याचा तो दाखला नाही, माझ्या कागदांचा निकाल होता. आणि एकदा नकार आला म्हणून पुढचा अर्ज आपोआप बाद होत नाही. नवा अर्ज नव्याने तपासतात.

या वेळी मी कोणा एजंटकडे गेले नाही. नियम स्वतः बसून वाचले. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, हा व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा. आपण धरलंय 10 मे ते 20 जुलै. पोचायचा आणि निघायचा दिवस दोन्ही मोजायचे, म्हणजे 72 दिवस. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 पर्यंत जातात. म्हणून आपण मार्चमध्येच देऊ. व्हिसा केंद्र फक्त कागद गोळा करतं, निर्णय वकिलातीचा. तेव्हा खिडकीवरच्या मुलीला काही समजावत बसायची गरज नाही.

जायचं कारण सरळ लिहायचं, मुलाकडे आणि नातवाकडे. दादा तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन हमीपत्र करतो आहे. तुमच्या तिथल्या राहण्या-खाण्याचा, दुखण्याखुपण्याचा खर्च त्याच्यावर, असं त्यात तो लिहून देतो. त्याचा पगार बघूनच ते देतात, 29 युरो फी आहे. मूळ प्रत तो कुरियरने पाठवेल.

मला ठाऊक आहे, इथेच तुमचं अडतं. आई म्हणाली, तुम्ही म्हणालात, "पोराच्या हमीवर जायचं?" बाबा, दादाच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन कोण राहिलं होतं? बँकेत तासभर उभे राहून पानापानावर सह्या केल्या होत्यात तुम्ही. तेव्हा दादाला कमीपणा वाटला नव्हता. त्याला आता एकदा तुमच्यासाठी सही करू द्या. तो फोनवर हे बोलत नाही, पण मला सांगतो.

आता आईचं. तुझा पासपोर्ट सप्टेंबरमध्ये संपतोय. परतीनंतर निदान तीन महिने तो चालू असायला हवा, म्हणजे 20 ऑक्टोबरपर्यंत. तुझा पुरत नाही. आधी नवा करून घ्यायचा. लोअर परळचं सेवा केंद्र तुला जवळच आहे, फी दीड हजार. नावाचं स्पेलिंग तेवढं नीट बघू या. आधारवर तुझ्या नावात एक 'ए' आहे, जुन्या पासपोर्टवर दोन. आणि बोटांच्या ठशांची धास्ती सोड. मागच्या वेळी यंत्र तुझा अंगठा घेईना तेव्हा तू हात पदराखाली घेतलास, "भांडी घासून घासून झिजला" म्हणालीस. दिलेले ठसे 59 महिने चालतात. परत मागितलेच तर मी शेजारी असेन.

बाबांचा पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आहे, दोन पानं कोरीही आहेत. ठीक आहे. विमा माणशी निदान 30,000 युरोंचा लागतो. बाबांच्या साखरेचं आणि बीपीचं त्यात काय मिळतं ते नीट वाचूनच घेईन. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही.

कपाटातून हे काढून ठेवा: पेन्शनचं पीपीओ (मंजुरीचा कागद), आयकराची विवरणपत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा सातबारा. सातबारा मराठीत आहे, त्याचं भाषांतर करून घेते. दादाचा जन्मदाखलाही हवा, नातं दाखवायला. केईएम हॉस्पिटलमधला जन्म आहे, घरी सापडला नाही तर महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डात जाऊन मी नवा काढेन. खात्यात या वेळी एक रुपयाही कोणी भरायचा नाही. गेल्या तीन महिन्यांचं जसंच्या तसं स्टेटमेंट, बँकेचा शिक्का मारून.

आणि एक काम फक्त तुमचं, बाबा. अर्जासोबत एक पत्र द्यायचं असतं, का जातोय आणि का परत येणार. मागच्या वेळी ते मी कुठूनतरी उतरवलं होतं. या वेळी तुम्ही लिहा, मराठीत, तुमच्या अक्षरात. मी त्याचं इंग्रजी करते आणि शब्दन् शब्द तुम्हाला वाचून दाखवते, मगच सही. मागच्या अर्जात काय चुकलं तेही त्यात येऊ दे. त्यांच्याकडे नोंद आहेच, लपवण्यात अर्थ नाही. का परत येणार हे लिहायला तुम्हाला विचार करावा लागणार नाही. सप्टेंबरात घरचा गणपती आहे, मखर तुमच्याशिवाय कोणी केलेलं नाही. सोसायटीतल्या चार मुलांना तुम्ही गणित शिकवता, त्यांची शाळा जूनमध्ये सुरू होते आणि ती आत्तापासून विचारतात, "सर, तुम्ही कधी येणार?" हेच लिहा.

दादाचा मुलगा आता "आजोबा" स्पष्ट म्हणतो. काल फोनच्या काचेवर बोट ठेवून म्हणाला, "आजोबा इथे." आई, तू ऐकलंस ना?

रविवारी सकाळी येते. जेवायलाच थांबेन.

तुमची,
छोटी

ता. क. आई म्हणाली, तो नकाराचा कागद बाबांनी फाडला नाही, पंचांगात घडी घालून ठेवलाय. तसाच राहू द्या. पत्र लिहिताना समोर लागेल.