प्रयोगशाळेसाठी चष्मे हवेत, आणि थोडा वेळही

पालक, माजी विद्यार्थी आणि शाळेचे हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूचनांचा तक्ता लावलेला आहे. 'सुरक्षा चष्मा लावा' ही त्यातली पहिलीच सूचना. तुकडी मोठी आणि चष्मे बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ती तक्त्यावरच राहते. प्रयोगाच्या कृतीतली एखादी पायरी गळाली की दोष मुलांच्या धांदरटपणाला जातो. पण पालक-शिक्षक समितीने काही तासिका मागे बसून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की बऱ्याचदा त्या पायरीला लागणारी वस्तूच टेबलावर नसते.

पोटॅशियम परमँगनेट तापवून, पाण्याच्या द्रोणीत बुडवलेल्या नळीतून ऑक्सिजन गोळा करण्याचा प्रयोग घ्या. वायू जमला की आधी वायुवाहक नळी पाण्याबाहेर काढायची आणि मगच बर्नर बंद करायचा. क्रम उलटला तर परीक्षानळी निवते, आतला वायू आकसतो, द्रोणीतलं पाणी नळीतून वर ओढलं जातं आणि तापलेल्या काचेवर पडून ती तडकते. मुलांना हे तोंडपाठ असतं. पण ऐन वेळी सरांचं लक्ष दुसऱ्या टेबलाकडे असतं, आणि कुणीतरी घाईने बर्नर फिरवतो. सल्फ्युरिक आम्ल विरल करतानाही तेच. पाण्यात आम्ल थोडं थोडं, ढवळत घालायचं; आम्लात पाणी ओतलं तर ते जड आम्लावरच राहतं, तिथल्या तिथे उकळतं आणि थेंब उडतात. हे काम मुलांच्या हाती द्यायचंच नाही, शिक्षकांनीच करायचं, असं आम्ही ठरवलं आहे.

सगळ्याच चुका भाजण्या-कापण्याच्या नसतात. क्लोराइडच्या परीक्षेत सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरं झालं तर क्लोराइड आहे असं धरतात. पण परीक्षानळी साध्या नळाच्या पाण्याने विसळली आणि तशीच वापरली, तर त्या पाण्यातल्या क्लोराइडमुळेच सिल्व्हर नायट्रेट पांढुरकं होतं. मूल प्रामाणिकपणे 'क्लोराइड आहे' असं जर्नलमध्ये लिहितं. त्याने पाहिलं ते खरंच असतं, निष्कर्ष मात्र चुकलेला. इथे उपाय एवढाच, की शेवटी विसळायला डिस्टिल्ड वॉटर हवं.

म्हणून मदत हवी आहे. सर्वांत आधी सुरक्षा चष्मे, बाजूनेही झाकणारे, आणि चष्मा असलेल्या मुलांना त्यावरून लावता येतील असेही. मग पिपेटला, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या काचेच्या नळीला, लावायचे रबरी फुगे (तोंडाने द्रव ओढणं आम्हाला पूर्ण बंद करायचं आहे), सुती ॲप्रन, आग विझवायचं ब्लँकेट, बोरोसिलिकेट काचेच्या परीक्षानळ्या आणि डिस्टिल्ड वॉटर. डोळ्यात रसायन गेलं तर किमान पंधरा मिनिटं सतत पाणी मारावं लागतं, त्यासाठी डोळे धुण्याचा नळ बसवायचा आहे. प्लंबिंगचं काम जाणणारा कुणी पुढे आला तर फार बरं होईल.

एक विनंती, जरा स्पष्टच करतो. घरी किंवा कारखान्यात उरलेली रसायनं कृपया आणू नका. लेबल नसलेली बाटली आम्हाला वापरता येत नाही, आणि तिची विल्हेवाट लावणं वेगळीच डोकेदुखी होते.

वस्तूंइतकीच माणसांची गरज आहे. निवृत्त प्रयोगशाळा सहायक, रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेले पालक आठवड्यातून एखादी तासिका आले, तरी प्रत्येक बर्नरजवळ एक मोठं माणूस उभं राहू शकेल. शिकवायचं नाही, फक्त हातांकडे लक्ष ठेवायचं.

वस्तू द्यायच्या असतील तर प्रयोगशाळेत आणून नोंदवहीत नोंद करावी. पैसे शाळेच्या खात्यातच भरावेत, समितीच्या कुणाकडेही रोख देऊ नये, आणि कार्यालयातून पावती मागून घ्यावी. वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी आपलं नाव आणि सोयीचा वार विज्ञान शिक्षकांकडे कळवावा; पहिल्या दिवशी त्यांनाही चष्मा लावूनच आत यावं लागेल.

आपली,
पालक-शिक्षक समिती