साडेसातची पोर, दहाची हाडं

विश्रामबाग, सांगली

प्रिय संगे,

माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. लिहायला बसले ते माझ्या लेकीसाठी, मुक्तीसाठी. घरात बोलावं तर त्याचं कीर्तन होतं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

दिवाळीनंतर तिला अंघोळ घालताना छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. हात लावला की दुखायची. मी नको नको ते मनात आणलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या हाताचा एक्स-रे काढायला लावला, मनगटाची हाडं पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघितली आणि म्हणाल्या, पोर साडेसातची, हाडं दहाची. मुलींत ८ वर्षांच्या आत वयात येणं सुरू झालं तर ते वेळेआधी धरतात. आज वर्गात उंच दिसते, पण हाडं लवकर जुळून गेली की उंची तिथंच थांबायची. म्हणून हे वयात येणं थोपवायला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन; योग्य वयात बंद केलं की सगळं पुन्हा आपल्या गतीनं चालू होतं.

का झालं? सासूबाईंनी बॉयलर कोंबडीवर खटला भरून निकालसुद्धा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोंबड्यांना हार्मोन देतच नाहीत. वजनाचा हात असू शकतो, पण बहुतेक मुलींत नेमकं कारण सापडत नाही. कोविडच्या काळात अशा मुली वाढल्या म्हणे, पुण्यात आणि पार इटलीतसुद्धा.

इंजेक्शनला मी भीत नाही. (महाग आहे. ह्यांची नवी गाडी गेली खड्ड्यात.) मला खातंय ते वेगळंच. मुक्ती भर उन्हाळ्यात शाळेचा स्वेटर घालून बसते. दप्तर पाठीला न लावता पोटाशी धरते. दोरीच्या उड्या बंद. मिरजेच्या लग्नात आत्यासाहेब चारचौघांत म्हणाल्या, "आता हिला काकांच्या मांडीवर बसू देत जाऊ नका." पोरीनं जेवण टाकलं. रात्री विचारते, "आई, मी काय केलं?" तिला अजून आमरसाची वाटी चाटून खायची असते गं! उंची बघून लोक अक्कलही तेवढीच धरतात, आणि मग रडली की "एवढी मोठी घोडी!" बाई म्हणाल्या, अशा मुलींत चिंता, उदासी जास्त दिसते, तेव्हा झोप, खाणं, शाळेला जायची टाळाटाळ यांवर नजर ठेवा. मी नजर एवढी ठेवतेय की त्यानंच ती जास्त बिचकते.

तू पाचवीत खो-खोच्या टीममधून नाव काढून घेतलंस, मला कारण सांगितलं नाहीस आणि आपण अख्खा श्रावण अबोल्यात काढला. भांडणात चूक तुझीच होती, यावर मी ठाम आहे. पण तेव्हा तुझी पाळी सुरू झाली होती, हे तू मला लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलंस. म्हणून विचारते, तुला तेव्हा कुणी काय सांगितलं असतं तर तू मैदानावर आली असतीस? "घाबरू नकोस" सोडून सांग. ते इथं फुकट मिळतं. आणि फोन करू नकोस, फोनवर तू नळाच्या पाण्यावर घसरतेस. लिहून पाठव, मुक्तीला वाचून दाखवता येईल असं.

बदलीचं काय झालं? अण्णांचं मोतीबिंदू उरकलं का? चिन्मयच्या मार्कांवरून त्याला बोलू नकोस, आपले आठव. भडंग पाठवतेय, लसूण मुद्दाम जास्त घातलाय. भावजींच्या हाती डबा पडू देऊ नकोस.

तुझी,
सुमी