आठ पॅडचं पाकीट किती दिवस पुरतं?

संपादक महोदय,

28 मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन. 2014 पासून तो पाळतात. पाळीचं चक्र साधारण 28 दिवसांचं आणि पाळी पाचेक दिवसांची, म्हणून पाचव्या महिन्याची 28 तारीख, असं मला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी समजावलं होतं. या दिवसाच्या निमित्ताने गरीब वस्तीतल्या मुलींना पॅड वाटले जातात. मुली रांगेत उभ्या राहतात, एकेक पाकीट मिळतं, फोटो निघतो.

मी बावीस वर्षं शाळेत शिपाई होते. मुली मावशी म्हणायच्या. पॅडच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून हे पत्र.

पाकिटात आठ पॅड. चार ते सहा तासांनी बदलायचं तर दिवसाला चार लागतात, पाच दिवसांना वीस. ते पाकीट दुसऱ्या रात्रीच संपतं. मग मुली एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवतात. मांड्या सोलवटतात, वास येईल म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. नाहीतर येतच नाहीत, आणि कारण विचारलं की पोटदुखी.

एका मुलीने पाकीट न फोडताच मला परत आणून दिलं. मला वाटलं, लाजतेय. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पॅड चिकटवायला तिच्याकडे धड चड्डीच नव्हती. होती ती एकच, तिचंही इलॅस्टिक गेलेलं. त्यानंतर कुणीही ‘काय मदत करू?’ म्हटलं की मी सांगायचे, चड्ड्या आणा. दाते गडबडून जायचे. एक-दोघांनी मात्र मापं विचारून खरंच आणल्या.

किल्लीचंही सांगते. आधी नियम होता की माझ्याकडे येऊन मागायचं आणि वहीत नाव, वर्ग लिहून सही करायची. मुली दारात घुटमळायच्या. तेवढ्यात कुणी सर आले की ‘मावशी, खडू द्या’ म्हणून पळायच्या. महिन्याला जेमतेम दहा-बारा सह्या. त्यावरून निष्कर्ष काय काढला गेला, तर मुलींना गरज नाही! शेवटी बाईंच्या मागे लागून वही बंद करवली आणि मुलींच्या शौचालयात उघडा डबा टांगला. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत डबा रिकामा. ‘चोऱ्या होतात’ म्हणून बोलणी मी खाल्ली. चोरी कसली? घरी आई असते, मोठी बहीण असते, त्यांनाही पाळी येतेच की. आम्ही डबा भरत राहिलो, तीनेक आठवड्यांत खप आपोआप ठरल्यासारखा झाला.

स्कॉटलंडने 2020 मध्ये ही साधनं मोफत देण्याचा कायदा केला. ती सहज मिळावीत आणि घेणारीचा मान राखला जावा, असं त्यात म्हटलं आहे. केनियाच्या 2017 च्या कायद्यात सरकारी शाळेतल्या मुलींना मोफत आणि ‘पुरेसे’ पॅड द्यायचे आहेत, वापरलेल्यांच्या विल्हेवाटीची सोयही करायची आहे. भाचीने हे शोधून दाखवलं. तिथे सगळं कागदाबरहुकूम होत असेल असं मी म्हणत नाही. पण मान आणि पुरेसे हे शब्द कुणाला तरी सुचले.

हल्ली सल्ला मिळतो की धुऊन वापरायचे कापडी पॅड किंवा कप, म्हणजे पाळीत आत बसवायचा रक्त साठवणारा छोटा पेला, द्या, कचरा होणार नाही. चूक नाही. पण कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावं लागतं, आणि एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे ते गादीखाली ओलसरच राहतं. कप उकळायला वेगळं भांडं हवं, पाणी हवं. मुलीला विचारा, मग काय ते द्या.

आणि पाकिटं घेऊन निघालेल्यांनी सोबत एक कडी नि चार स्क्रूही घ्यावेत. मी निवृत्त झाले तेव्हा मुलींच्या शौचालयाच्या तिसऱ्या दाराला अजून सुतळीच होती.

– एक निवृत्त शाळा-शिपाई